बटणांच्या डबीतल्या गोळ्या

संडासाची किल्ली मास्तरांच्या डोक्यावरच्या खिळ्याला टांगलेली असे. ती हरवू नये म्हणून तिला दोऱ्याचं एक रिकामं लाकडी रीळ बांधलेलं होतं. किल्ली काढताना ते भिंतीवर आपटून टकटक वाजे, त्यामुळे शिंप्याच्या त्या दुकानात कोण कधी कुठे चाललंय हे कुणालाच लपवता येत नसे. पोट बिघडल्यापासून काजताईला ती टकटक नकोशी झाली होती. खिडकीजवळच्या खुर्चीतून उठायचं, पँटवाल्याच्या मशीनला वळसा घालायचा, इस्त्रीवाल्याच्या वाफेतून जायचं, मास्तरांच्या डोक्यावरून हात लांबवायचा, आणि एवढ्या वेळात आतड्यांना पडलेला पीळ चेहऱ्यावर येऊ द्यायचा नाही.

"ताई, ती किल्ली गळ्यातच बांधा ना," इस्त्रीवाला एकदा म्हणाला. "सारखी झोपमोड होते."

"तू उभ्यानं झोपतोस होय? तरीच शर्ट जळतात."

उत्तर द्यायला ती चुकली नाही. परत येताना मात्र भिंतीला हात लावत लावत आली, आणि ते सगळ्यांनी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. माणसांच्या दयेला एक वास असतो, बंद पेटीतल्या लोकरीसारखा. तो तिला सोसत नसे.

काजं करायची म्हणून ती काजताई. काज म्हणजे बटण जाण्यासाठी कापडात पाडलेली फट. फट पाडायला कात्री पुरते. पण ती उसवू नये, तिच्या कडा घट्ट राहाव्यात आणि तरी बटण तिच्यातून सुळकन जावं, हे हाताचं काम. मेण लावलेल्या दोऱ्याची गाठीशेजारी गाठ मारत जायचं. जखम शिवायची पण मिटू द्यायची नाही, असला हा उफराटा धंदा. लहानपणी आईशेजारी बसून ती तो शिकली आणि पुढे दुसरं काही शिकायची तिला कधी गरज वाटली नाही.

चाळिशी उलटल्यावर डोळे मंदावले. पण काज ती डोळ्यांनी करत नव्हतीच. डाव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट कापडाखाली असे. सुईचं टोक खाली कुठे उगवणार हे त्या दोन बोटांना आधी कळे, आणि सुई त्यांना जेमतेम शिवून परत वर जाई. कुणी बोलत असलं तर ती त्याच्याकडे बघून बोले, हात आपला चालूच.

काज करणारं मशीन विकणारा माणूस अधूनमधून दुकानात येई. चकचकीत कागद पसरी, मशीनवर केलेल्या काजांची पट्टी मास्तरांच्या हातात देई. मास्तर ती पट्टी ताणून बघत, उलटी करून बघत आणि परत देत. "आमच्याकडे ताई आहेत," एवढंच म्हणत. इतक्या वर्षांत मास्तरांनी तिची केलेली स्तुती म्हणाल तर ती हीच. खिडकीतली तिची खुर्ची त्या एका वाक्यावर उभी होती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पोटाचं दुखणं अखेर डॉक्टरीणबाईंपर्यंत गेलं. नळी घालून तपासणी झाली, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण बोलताना समोरच्याकडे बघायच्या, त्यामुळे काजताईला बऱ्या वाटल्या.

"लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्याला सूज आहे," त्या म्हणाल्या. "आणि बी-बारा हे जीवनसत्त्व नेमकं तिथूनच अंगात शिरतं. दारच सुजलंय, म्हणून ते तुमच्यात कमी पडलंय."

"मग ते घेतलं की सूज उतरेल?" नवऱ्याने विचारलं. तो पुढे सरकून बसला होता.

"नाही. सुजेचं औषध वेगळं, त्या ह्या गोळ्या. जीवनसत्त्व कमी असेल तर आतड्याचं अस्तर लवकर भरून येत नाही, रक्त कमी होतं, हातापायांना मुंग्या येतात. म्हणून कमी आहे तेवढं भरून काढायचं. बी-बारा तोंडाने घेऊन तुम्हाला नीट लागू पडणार नाही, त्याचं इंजेक्शन. आणि फोलिकची एक गोळी. बस्स."

हा "बस्स" नवऱ्याच्या कानापर्यंत पोचला नाही. तो त्या खोलीतून एकच अक्षर घेऊन घरी आला. बी.

नवरा पाणीखात्यात मीटर वाचायचा. निवृत्त झाल्यावर वाचायला मीटर उरले नाहीत, म्हणून तो फोन वाचू लागला. त्या दिवशी जेवणं होईपर्यंत त्याने बी गटाचं अख्खं खानदान शोधून काढलं होतं.

"ऐक. बी गटाची जीवनसत्त्वं आतड्यांना बळ देतात. सूज कमी करतात. सगळी मिळून आठ आहेत. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, नऊ आणि बारा."

"मधले कुठे गेले?"

"मधले म्हणजे?"

"चार, आठ, दहा, अकरा."

नवऱ्याने फोन वर-खाली केला. "ते लिहिलेलं नाही."

"असेच कुणाचे तरी सल्ले ऐकून मेले असतील," काजताई म्हणाली आणि ताटं उचलली.

पण सल्ल्यांना मरण नव्हतं. तिच्या माहेरची एक रीत होती. तब्येतीसाठी कुणी काही दिलं तर नको म्हणायचं नाही. नको म्हणणं म्हणजे देणाऱ्याचं वाईट चिंतणं. त्या घरात लोक वर्षानुवर्षं एकमेकांचे काढे, तेलं आणि चूर्णं गिळत आले होते आणि भेटले की पहिला प्रश्न विचारत, "घेतेस ना?" काजताई तोंडाने फटकळ. बोलण्यात कुणाला हार जायची नाही. पण हातात कुणी बाटली ठेवली की तिची जीभ आत जायची.

पहिली आली वहिनी, थोरल्या भावाची बायको. तिच्या पर्समध्ये नेहमी कुणाच्या तरी आजारावरचं काहीतरी असे.

"वन्सं, हे खास पोटासाठी. माझ्या मावशीचं आतडं याने कापसासारखं झालं."

"कापसासारखं झालं तर वाईट नाही का?"

"तुम्हाला ना, सगळ्याची थट्टा. रोज एक. आणि ही दुसरी तुमच्या भाच्याने दिलीय. तो व्यायामशाळेत घेतो. अंगात तरतरी येते म्हणे."

मग परगावच्या मुलीकडून खोकं आलं. गुलाबी कॅप्सूल, बाटलीवर हसऱ्या बाईचं चित्र. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, ही मनावरच्या ताणाची आहे. पोट बिघडतं ते ताणाने. तू सगळं आतल्या आत ठेवतेस."

"आतल्या आत कुठे राहतंय बाई? तेच तर दुखणं आहे."

नवरा मागे कसा राहील? त्याने हिरवी गोळी आणली. तिच्या बाटलीवर झाडाचं पान होतं, म्हणून ती त्याला नैसर्गिक वाटली.

स्वयंपाकघरातल्या फळीवर बाटल्यांची रांग लागली. डब्यापर्यंत हात गेला की दोन बाटल्या खाली. काजताईच्या डोक्यात तिडीक गेली. एका सकाळी तिने दुकानातून आपली जुनी बटणांची डबी घरी आणली. चपटी पत्र्याची डबी, आत छोटे छोटे कप्पे. त्यातली बटणं तिने एका वाटीत ओतली, आणि कप्प्याकप्प्यात गोळ्या भरल्या. वहिनीच्या पिवळ्या, मुलीच्या गुलाबी, भाच्याच्या तपकिरी, नवऱ्याच्या हिरव्या. बाटल्या कचऱ्यात गेल्या. फळी मोकळी झाली, जीव मोकळा झाला.

तिची चूक झाली ती इथे, आणि ती चूक बटणांत आयुष्य गेलेल्या बाईनेच करावी अशी होती. बटणांचा नियम सरळ असतो. रंग वेगळा, आकार वेगळा, तर बटण वेगळं. कोटाचं शर्टाला चालत नाही. पिवळी, गुलाबी, तपकिरी, हिरवी, म्हणजे चार निरनिराळ्या वस्तू, चार निरनिराळ्या कामांच्या. आणि एक बटण गळालं की कोट उघडा पडतो, म्हणून प्रत्येक कप्प्यातली एक. रोज दुपारी दुकानात डबा खाऊन झाला की ती पिशवीतून डबी काढायची आणि एकेक उचलून गिळायची.

पोट सुधारलं. ते डॉक्टरीणबाईंच्या सुजेच्या औषधाने आणि इंजेक्शनांनी सुधारलं, पण आता त्याला दावेदार बरेच होते. वहिनीने पिवळ्या गोळीचा विजय जाहीर केला. मुलीने फोनवर सांगितलं, "बघ, ताण गेला." भाच्याने निरोप पाठवला की अजून एक वाढवायला हरकत नाही. लघवी गडद पिवळी, जवळजवळ चमकणारी होऊ लागली तेव्हा नवऱ्याला आनंद झाला.

"गुण येतोय."

"अहो, गुण येतोय का वाहून जातोय?"

"जादा असेल ते जातं. हे पाण्यात विरघळणारं असतं. निसर्गाची मोरी असते ती. त्यामुळे यात अपाय म्हणून नाहीच."

पाणीखात्यातल्या माणसाने मोरीबद्दल एवढ्या खात्रीने सांगितल्यावर कोण काय बोलणार?

थंडीचे कोट संपले, सुती कपड्यांचा हंगाम आला. किल्लीची टकटक आता दिवसातून एखाद्या वेळी होई. मास्तर म्हणाले, "बरं वाटतंय ना ताई?" तेव्हा ती हो म्हणाली. ते खरंही होतं. पण पायांचं काहीतरी बिनसलं होतं. एकदा ती किल्लीपाशी पोचली आणि मागून इस्त्रीवाला ओरडला, "ताई, चप्पल राहिली!" डाव्या पायातली चप्पल दुकानाच्या मधोमध पडली होती. ती पायातून निसटलेली तिला कळलंच नव्हतं. पाऊल कुणी जाड मोज्यात घातल्यासारखं वाटे, आणि मोजा तर नसे.

मग तो न दिसणारा मोजा बोटांवर चढला.

इंजेक्शनला गेली तेव्हा तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी हातापायांवर कापूस फिरवला, टोचून पाहिलं.

"मी दिलंय त्याशिवाय आणखी काही औषध घेता?"

"नाही," काजताई म्हणाली.

ती खोटं बोलली नाही. औषध म्हणजे डॉक्टर देतात ते. वहिनीची पिवळी, मुलीची गुलाबी हे औषध कसं असेल? ते घरचं.

डॉक्टरीणबाईंना वाटलं, बी-बारा अजून भरून आलेलं नाही, नसा कुरकुरताहेत. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि तोवर नसांसाठी म्हणून एक गोळी लिहून दिली. लाल रंगाची. डबीत एक कप्पा रिकामाच होता.

त्याच सुमारास एका वाद्यवृंदाचे कोट शिवायला आले. पांढरेशुभ्र. वाजवणाऱ्यांचे हात सारखे हलणार, म्हणून काजं हातचीच हवीत असं त्यांनी बजावलं होतं. काजताई खिडकीत बसली, कोट मांडीवर घेतला, बोटं कापडाखाली नेली, आणि तिथे कुणीच नव्हतं. बोटं होती. पण सुई येण्याची जी बातमी त्यांच्याकडून यायची ती बंद झाली होती. आपलंच घर असावं, दिवा असावा, बटण दाबावं आणि काहीच होऊ नये, तसं.

तिने चष्मा लावला. कोट डोळ्यांपाशी नेला. डोळ्यांनी एकेक गाठ मोजत, मान मोडेपर्यंत वाकून काजं केली. पांढऱ्यावर लाल ठिपका उमटला तो तिने पाहिला, तेव्हा बोट पाहिलं. बोटावर रक्ताचा मणी होता आणि बोटाला त्याची खबर नव्हती. रक्त ज्याचं त्याच्या थुंकीने जातं, हे शिंप्याच्या दुकानात सगळ्यांना माहीत असतं. तिने दोऱ्याचा बोळा तोंडात ओला केला आणि डाग टिपला. पुढच्या काजाशी पुन्हा. मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत तिचं तोंड कोरडं पडलं.

एक ठिपका राहून गेला. तो मास्तरांना सापडला.

"ताई, हे कुणाचं?"

"माझं."

"टोचलं?"

"टोचलं असेल."

"असेल म्हणजे? दुखलं नाही?"

मास्तरांनी कोट उजेडात धरला. काजावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. गाठी एकसारख्या नव्हत्या. हे त्यांनी तोंडाने म्हटलं नाही, त्याचाच तिला जास्त राग आला.

"मशीनवाल्याला बोलावलंय," ते म्हणाले. "नुसतं ठेवून बघायला."

"बघा की. दुकान तुमचं आहे."

"ताई, असं तोडून बोलू नका."

"मग जोडून कसं बोलू? जोडायला बोटं कुठायत?"

पँटवाल्याचं मशीन थांबलं. इस्त्रीवाल्यानेही या खेपेला विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नवऱ्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांच्यासमोर रक्ताचा रिपोर्ट होता आणि त्या त्याच्याकडे वैतागून बघत होत्या.

"बी-बारा तर भरपूर झालंय. आता बोटं बधिर व्हायचं कारणच नाही. तरी वाढतंय?"

"वाढतंय," काजताई म्हणाली. डबा खाऊन झाला होता आणि वेळ चुकवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने पिशवीतून डबी काढली, झाकण उघडलं आणि म्हणाली, "बाई, घोटभर पाणी मिळेल?"

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "ही बटणं कसली?"

"बटणं नाहीत, गोळ्या आहेत. पिवळी वहिनीची, गुलाबी मुलीची, तपकिरी भाच्याची, हिरवी ह्यांची. लाल तुमची."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला सारला.

"मी विचारलं होतं ना, आणखी काही घेता का म्हणून?"

"तुम्ही औषध विचारलं होतंत. हे घरचं आहे."

"बाटल्या कुठायत?"

"टाकल्या. जागा अडवतात."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "लावा फोन. सगळ्यांना लावा."

वहिनीचा आवाज खोलीभर घुमला. "माझी बाटली पोटाची आहे हो, डॉक्टर. नसांशी तिचा काही संबंध नाही."

"मागे बारीक अक्षरांत लिहिलंय ते वाचा. बी-सहा किती आहे?"

वहिनीने वाचलं. तिच्याकडच्या भाच्याच्या बाटलीवर त्याहून जास्त होतं. मुलीने आपली घरात शोधून वाचली. नवऱ्याने हिरव्या गोळीचं फोनवर हुडकलं, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. एक पोटाची, एक ताणाची, एक तरतरीची, एक पानाच्या चित्राची. आत सगळ्यांच्या तेच बी, आणि सगळ्यांत सहा नंबर खच्चून भरलेला.

"पण जादाचं लघवीतून जातं ना?" नवऱ्याने विचारलं. त्याला कुठेतरी पाय टेकायला जागा हवी होती.

"बी-सहाचं तसं नाही. थोडं लागतं, ते साध्या जेवणातून मिळतं. ढीगभर, महिनोन्महिने घेतलं की ते नसाच बधिर करतं. ज्या मुंग्या थांबाव्यात म्हणून लोक घेतात, त्याच आणतं." डॉक्टरीणबाईंनी लाल गोळी कप्प्यातून उचलली, तिच्याकडे बघितलं आणि टेबलावर ठेवली. "आणि त्यावर मी आणखी एक चढवली. यातही तेच आहे."

"म्हणजे पोटाला यांचा काहीच उपयोग नव्हता?" काजताईने विचारलं.

"जे कमी होतं ते भरून काढल्याचा उपयोग झाला. भरल्यावर ओतत राहण्याचा नाही. आजपासून हे सगळं बंद. सुजेचं औषध, फोलिक आणि मी सांगेन तेव्हा इंजेक्शन. एवढंच."

"बोटं परत येतील?"

"बहुतेकांची येतात. हळूहळू. कधीकधी थोडं राहून जातं. आज खात्री देता येणार नाही."

घरी आल्यावर ती थेट आत गेली. स्वयंपाकघरात तिने डबी कचऱ्यावर उपडी केली. पिवळं, गुलाबी, तपकिरी, हिरवं गडगडत गेलं. नवऱ्याने खाली वाकून एक उचलली.

"चांगल्या आहेत गं. दुसऱ्या कुणाला तरी..."

"ठेवा खाली." तिचा आवाज चिरकला. "आयुष्यभर लोकांचे मीटर वाचलेत ना? आकडा वाढत होता तेव्हा काय करत होतात? एकाने तरी विचारलं का, बाई, तुला दुसऱ्याने काय दिलंय? जो तो आपली बाटली घेऊन उभा. मी काय बरणी आहे?"

नवरा गोळी मुठीत घेऊन वाकलेलाच म्हणाला, "तू तरी एकदा नको म्हणायचंस."

याचा राग तिला सगळ्यांत जास्त आला, कारण ते खरं होतं. तिने डबी पुसली आणि वाटीतली बटणं पुन्हा कप्प्यांत भरली. बोटांना चार भोकांचं कुठलं आणि दोन भोकांचं कुठलं ते कळत नव्हतं. डोळ्यांनी बघून भरली.

मशीन आलं. ते तिच्या खुर्चीशेजारीच ठेवलं, कारण विजेचा बोर्ड तिथे होता. पँटवाला ते चालवायला शिकला. टक, टक, टक, एक काज. मशीनची काजं वाईट नव्हती, वैताग होता तो हाच. वाईट असती तर तिला त्यांना नावं ठेवता आली असती. वाद्यवृंदाचे उरलेले कोट त्याच्यावरच गेले आणि वाद्यवृंदाकडून तक्रारीचा एक शब्द आला नाही. तिच्याकडे बटणं टाकणं आणि धागे कापणं आलं. शिंप्याच्या दुकानात ही कामं नवशिक्यांना देतात. मास्तर तिच्याशी जास्तच आदराने बोलू लागले, आणि त्यामुळे दिवस आणखी लांबायचा.

तरी ती रोज यायची. काम संपलं की चिंध्या घेऊन बसायची आणि काजं करायची. वेडीवाकडी व्हायची. उसवायची, पुन्हा करायची. इस्त्रीवाला म्हणायचा, "ताई, घरी जा की." ती म्हणायची, "घरी जाऊन काय करू? तिथे मला बरं करायला माणसं बसलीत."

पायांतली चप्पल निसटायची थांबली, हे आठवडाभर तिच्या लक्षात आलं नाही. निसटली तेव्हाही कळलं नव्हतं, थांबली तेव्हाही नाही.

एका दुपारी वहिनी दुकानात आली. जुना झगा सैल करून हवा होता. मास्तरांकडे तो देऊन ती खिडकीपाशी स्टूल ओढून बसली. फोनवरच्या त्या प्रकारानंतर दोघी भेटल्या नव्हत्या. काजताई चिंधीवर काज करत होती आणि तिने हात थांबवला नाही.

"वन्सं, तुम्ही रागावलात. पण माझी बाटली एकटीच असती तर काही झालं नसतं. बाकीच्यांनी घोटाळा केला."

"बाकीचे हेच म्हणतात."

"पोट आता कसंय?"

"पोटाचं माझं मी बघते."

"असं कसं? आपलं माणूस म्हणून..." वहिनी थांबली, आवाज खाली आणला. "वन्सं, इथे संडास कुठेय हो? सकाळपासून माझंच पोट जरा..."

"मास्तरांच्या डोक्यावर किल्ली आहे. ती घे."

वहिनी उठली. मास्तरांच्या डोक्यावरून हात लांबवला. रीळ भिंतीवर आपटलं, टकटक. इस्त्रीवाल्याने मान वळवली, पँटवाल्याने वळवली. वहिनी लालबुंद होऊन दाराबाहेर गेली, आणि तिच्याकडे बघता बघता काजताईच्या अंगठ्यात सुई घुसली.

"आई गं!"

दुकान थांबलं. काजताईने अंगठा वर धरला. टोकाशी रक्ताचा मणी होता, आणि त्याच्या मागे, अंगठ्याच्या आत, एक बारीक चरचर होती. तिने शेजारचं बोट सुईच्या टोकावर टेकवलं. तिथे चरचर नव्हती, नुसता कुठेतरी दाब. पुन्हा अंगठा टेकवला. दुखलं.

मास्तर कात्री ठेवून तिच्याकडे बघत होते.

"दुखलं?"

"दुखलं," ती चिडून म्हणाली. "सुई टोचल्यावर दुखणार नाही तर काय?"

"कापडावर सांडू नका," मास्तर म्हणाले. मग थोडा वेळ उगाच टेप गुंडाळत राहिले. "त्या काळ्या कोटाचं वरचं काज राहिलंय. मशीनवर घ्यायचं नाही ते. जमेल तेव्हा करा. घाई नाही."

"एकच?"

"आधी एक तर करा."

वहिनी परत आली. किल्ली खिळ्याला लावताना तिने रीळ हाताने धरून ठेवलं होतं, तरी ते वाजलंच. स्टुलावर बसून तिने काजताईचा अंगठा पाहिला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"रक्त! वन्सं, बघा, अजून अशक्तपणा आहे. मला ठाऊकच होतं." तिचा हात पर्समध्ये गेला आणि बाटली घेऊन बाहेर आला. "यात बी नाही, शपथेवर सांगते. हे अगदी वेगळं आहे. मी स्वतः घेते."

काजताईने बाटली हातात घेतली. इस्त्रीवाला इस्त्री उचलून धरून वाट बघत होता. तिने ती उलटी केली, बारीक अक्षरं दिसेनात म्हणून चष्मा कपाळावरून खाली ओढला, वाचली, आणि वहिनीच्या मांडीवर परत ठेवली.

"नको."

"अहो, पण..."

"नको म्हटलं ना वहिनी. आणि स्वतः घेतेस तर तूही थांबव. नाहीतर ती किल्ली आता तुझ्या गळ्यात बांधावी लागेल."

इस्त्रीवाला एवढ्या जोरात हसला की शर्टाला चटका बसला आणि मास्तर त्याच्यावर ओरडले. वहिनीने बाटली पर्समध्ये कोंबली, चेन ओढली, आणि काजताईच्या माहेरच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला असं बोललं नाही, असं काहीतरी पुटपुटत झग्याची चौकशी करायला उठली.

काजताईने अंगठा तोंडात धरला, रक्त थांबेपर्यंत. मग काळा कोट मांडीवर ओढला, दोऱ्याला मेण लावलं आणि अंगठा कापडाखाली नेला. तो अजून ठणकत होता. शेजारचं बोट अजून मुकं होतं. तिने अंगठ्यावर भरवसा ठेवून पहिली गाठ मारली, ती वाकडी आली. उसवली, आणि पुन्हा मारली.